उचलीतून झालेली ऑपरेशनं : बीडच्या ऊसतोड बायकांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याचा प्रकार एप्रिल २०१९मध्ये वर्तमानपत्रांतून गाजला. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात आकडा दिला : तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशभराचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

रोष डॉक्टरांवर निघाला, आणि तो अकारण नव्हता. पण बाई त्या टेबलापर्यंत का पोचली, याचे उत्तर दवाखान्यात सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रवरेपासून सहकारी साखर कारखाने उभे राहत गेले. ऊस पिकवणारा पट्टा पाण्याचा, तोडणारी माणसे मात्र बालाघाटच्या कोरडवाहू डोंगरपट्ट्यातली : पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज. १९७२च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुळली. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि हंगाम संपल्यावर, पाच-सहा महिन्यांनी परततात. कारखाना मजुराशी थेट करार करत नाही. मधे मुकादम असतो. तो आगाऊ रक्कम, म्हणजे उचल देतो, आणि ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. जोडीलाच ‘एक कोयता’ धरतात. एकट्या गड्याला पूर्ण उचल नाही, म्हणून मुलींची लग्नेही लवकर उरकली जातात. आणि जोडीतले एक जण कामावर आले नाही, तर खाडा : दिवसाला पाचशे रुपयांपर्यंतची कपात.

आता या हिशेबात पाळीचे दिवस बसवून पाहा. राहायला शेतातली कोपी, संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. पहाटेपासून तोड, डोक्यावर मोळ्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे दुखणे अंगवळणीच पडते. सरकारी दवाखान्याची वेळ ती सकाळची, आणि सकाळी बाई फडात. शिवाय आशाताई, अंगणवाडी, गरोदरपणाची नोंद हे सगळे गावाकडच्या पत्त्यावर. कारखान्याच्या परिसरात तिचे नाव कोणाच्याच वहीत नाही. मग गावी आल्यावर खासगी दवाखाना. सोनोग्राफी होते, गाठ सांगितली जाते, पुढे कॅन्सरची भीती घातली जाते. नसबंदी पंचविशीच्या आतच झालेली असते, म्हणून ‘आता पिशवीचे काय काम’ हे घरच्यांनाही पटते. खर्च उचलीतून. उचल वाढली की पुढचा हंगाम चुकवता येत नाही, आणि विश्रांती न घेताच बाई पुन्हा फडात जाते. अंडाशयेही काढली असतील, तर रजोनिवृत्ती तरुणपणीच येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

२०१९नंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. नियम योग्यच, पण तो डॉक्टरला लागू होतो. खाड्याला तो हात लावत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. तोड-वाहतुकीचा पसारा पाहता ते फार पूर्वीच व्हायला हवे होते.

एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकरणांवर निकाल देताना सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. बिहार आणि छत्तीसगडमध्ये सरकारी विमा योजनेचे पैसे लाटण्यासाठी शस्त्रक्रिया केल्याचा आरोप होता. बीडच्या बायकांनी मात्र पैसे स्वतःच भरले, तेही पुढच्या हंगामाची मजुरी गहाण टाकून.