दीर्घ क्यूटी विकार : नवजात बाळातील निदान

हृदयपेशींतील पोटॅशियम किंवा सोडियमच्या वाहिन्यांत जनुकीय दोष असल्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला उशीर लागतो, तो हा विकार. प्रमाण सुमारे २,००० जन्मांत एक. हृदयाची रचना सहसा निर्दोष असते. त्यामुळे स्टेथोस्कोप व टू-डी इको दोन्ही ‘नॉर्मल’ येतात आणि दोष ईसीजीवरच दिसतो.

पहिल्या दोन दिवसांत क्यूटी (ईसीजीवर क्यू लहरीच्या सुरुवातीपासून टी लहरीच्या शेवटापर्यंतचा काळ) निसर्गतःच लांब व अस्थिर असतो. म्हणून तक्रार नसलेल्या बाळाचा ईसीजी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दूध पिऊन शांत असताना काढावा. ठोके मिनिटाला १००च्या खाली राहत असतील किंवा आकडी आली, तर मात्र त्याच क्षणी. यंत्राने छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. दुसऱ्या किंवा व्ही५ लीडमध्ये (ईसीजीच्या बारा नोंदींपैकी दोन) हाताने मोजावे. क्यूटीला आरआरच्या (लागोपाठच्या दोन ठोक्यांतील अंतराच्या) वर्गमुळाने भागायचे, दोन्ही सेकंदांत. आरआर ९ बारीक चौकोन (०.३६ सेकंद) आणि क्यूटी ७ चौकोन (०.२८) असेल, तर उत्तर ४६७ मिलिसेकंद, क्यूटी साडेसात धरला की तेच ५००. अर्ध्या चौकोनाची ही करामत! म्हणून कागदाचा वेग सेकंदाला २५ऐवजी ५० मिमी ठेवावा. उत्तर ४४० मिलिसेकंदांच्या वर आले तर पुन्हा ईसीजी. ४७०च्या वर कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून आई-वडिलांचाही ईसीजी. कॅल्शियम उतरल्यानेही क्यूटी लांबतो, आकडीही येते.

खानदेशात खरी चूक होते ती घराण्याची माहिती विचारताना. पहिले बाळंतपण माहेरी, जळगाव-धुळ्याकडे. उत्तरे देते आजी, आणि बापाकडची बाजू कोरी राहते. दोष बहुधा आई-वडिलांपैकी कोणा एकाकडूनही येऊ शकतो, म्हणून सासरी फोन लावावा. या विकारात ठोका अचानक बिघडून शुद्ध हरपते, म्हणून विचारावे: तापीत किंवा विहिरीत पट्टीचा पोहणारा कोणी बुडाला का? दचकून कोणी बेशुद्ध पडते का? ‘मिरगी’ची गोळी घेऊनही झटके थांबत नाहीत, असे कोणी आहे का? बाळ जन्मतः बहिरे असेल आणि लग्न नात्यातले, मामे-आतेभावंडांचे असेल, तर ईसीजी टाळूच नये: जर्व्हेल व लांगे-नील्सन यांनी १९५७ साली वर्णिलेला प्रकार हाच.

जनुकचाचणी निर्दोष आली तरी विकार नाकारता येत नाही. उपचार प्रोप्रॅनोलॉलचा, दिवसाला किलोमागे २ ते ४ मिग्रॅ, विभागून. उपाशीपोटी दिल्यास रक्तातील साखर उतरते. डॉम्पेरिडोन, अझिथ्रोमायसिन, ओन्डान्सेट्रॉन या क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची नावे बाळाच्या लसीकरण कार्डावर ‘देऊ नये’ म्हणून लिहावीत. सव्वा महिन्याने बाळ सासरी जाते, तेव्हा कार्डासोबत मूळ ईसीजीची झेरॉक्सही द्यावी. थर्मल कागदावरची रेघ खानदेशच्या उन्हाळ्यात लवकर पुसट होते.