चार्जिंगचा बिघाड, जुन्या स्पोर्ट्स कारमधला (कोकण किनारपट्टी)

जुन्या टू-सीटर गाडीची बॅटरी वरचेवर उतरणं, डॅशवरचा लाल दिवा मिणमिणत राहणं, सेल्फ नुसता टकटक करणं, या सगळ्याला गॅरेजात सरसकट ‘चार्जिंग नाही’ म्हणतात. अलिबाग ते वेंगुर्ला आणि खाली गोव्यात दोष बहुतेकदा डायनामो-अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणारी यंत्रं; डायनामो जुना, अल्टरनेटर नंतरचा) नसतो, जोडांचा आणि अर्थिंगचा, म्हणजे बॉडीतून करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा असतो. खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि तो इन्सुलेशनच्या आत सरकत जातो, त्यामुळे वायर वरून ठणठणीत दिसते.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, यालाच पॉझिटिव्ह अर्थ म्हणतात. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार (१९६२) सुरुवातीला अशीच, डायनामोवाली. १९६७च्या अखेरीस तिची दुसरी आवृत्ती, मार्क टू, आली तेव्हा अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ आला. १९३०च्या दशकात ब्रिटिशांनी पॉझिटिव्ह अर्थ का धरला यावर मतभेद आहेत. एक मत असं की त्यामुळे प्लगला ठिणगी सोपी पडते, पण ते तर कॉइलच्या दोन बारीक वायरी उलटसुलट करूनही साधतं. दुसरं मत गंजाचं: ओलीत करंट गळला की पॉझिटिव्ह बाजू झिजते, म्हणजे वायरी वाचतात आणि झीज बॉडीच्या पत्र्यावर जाते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उणे ४८ व्होल्ट, म्हणजे पॉझिटिव्ह बाजू अर्थला, याच विचाराने वापरतात, तेव्हा हे मत जास्त पटण्यासारखं. किनाऱ्यावरच्या पत्र्याला हा सौदा अर्थात महागच. अशा गाडीची अर्थ पॉझिटिव्हची निगेटिव्ह केली तर डायनामोला बॅटरीचा क्षणभर झटका देऊन पोलॅरिटी (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची दिशा) नव्याने बसवावी लागते, हे बरेच मिस्त्री विसरतात.

तपासणी मल्टीमीटरने. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, अल्टरनेटरची गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.४ हवेत. कमी आले तर लगेच अल्टरनेटर खोलू नये; आधी फॅनबेल्ट दाबून बघावा, मग सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टोकावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवावी, अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थची पट्टी काढून पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची, घट्ट बसवायची आणि वरून व्हॅसलीन. टर्मिनलवरच्या पांढऱ्या-निळ्या बुरशीला खायचा सोडा आणि गरम पाणी पुरतं. लाल दिव्याचा बल्ब उडाला असेल तर बऱ्याच जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंटच मिळत नाही, म्हणजे दिवा लागत नाही म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

डायनामो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत पावसात इंजिन, वायपर, हेडलाइट सगळं चालू ठेवलं तर बॅटरी उतरणारच, तो बिघाड नव्हे.

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या टू-सीटर गाडीची बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे तिथे बॉडीतून अर्थ मिळतच नाही, ती वायरनेच परत आणावी लागते. अशा गाडीत एक इंडिकेटर लावला की दुसराच दिवा मंद पेटू लागला तर आधी त्या अर्थच्या वायरींचा जोड बघावा.