आधी मेंढा, मग वळू, मग माणूस

वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात गाय माजावर आली की ढोरांच्या डॉक्टरला फोन जातो. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात ठेवलेली रेताची कांडी घेऊन तो येतो आणि गाय फळवून जातो. कांडीतलं रेत प्रयोगशाळेत तपासूनच गोठवलेलं असतं. हे काम पाहायला राज्याचं पशुधन विकास मंडळही आहे. गाय असलेल्या त्याच घरातल्या सुनेला पाच वर्षं मूल झालं नाही, तर अंगारे, उपास, सोनोग्राफी, सगळं तिच्याच वाट्याला. नवऱ्याची तपासणी शेवटी, तीही चोरून. ‘वांझ’ हा शब्द आपण बाईपुरताच राखून ठेवलाय.

गंमत अशी, की विज्ञानातही जनावराचाच नंबर आधी लागला.

हॉलंडच्या लेवेनहूकने १६७७ मध्ये डेल्फ्ट गावी सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू वळवळताना पाहिले. पण वळवळत नाही तो मेलेलाच असं नसतं. हा फरक ओळखायची युक्ती १९४२ मध्ये अमेरिकेत लॅस्ली आणि सहकाऱ्यांनी मेंढ्याच्या वीर्यावर दाखवली. जिवंत पेशीचं आवरण रंग आत येऊ देत नाही. मेलेल्याचं आवरण फाटलेलं, म्हणून त्याचं डोकं रंगतं. १९५० मध्ये डेन्मार्कच्या ब्लोम यांनी इओसिन या लाल रंगाला निग्रोसिन या काळ्या रंगाची जोड दिली. काळ्या पार्श्वभूमीवर मेलेले गुलाबी, जिवंत पांढरे, आणि काम एका मिनिटात. ब्लोम गुरांचेच डॉक्टर. आज पुरुषांसाठी लॅबमध्ये वापरतात ती हीच पद्धत.

दुसरी चाचणी, हॉस टेस्ट, १९८४ ची. जयेंद्रन आणि सहकाऱ्यांची. शुक्रजंतू पातळ द्रावणात सोडतात. आवरण शाबूत असेल तर पाणी आत शिरून शेपटी फुगते, वळते. फुटक्या पिशवीत पाणी ठरत नाही, म्हणून मेलेल्याची शेपटी सरळच राहते. १९९२ मध्ये इक्सी आली, एकच शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत, आणि या चाचणीचं मोल वाढलं. रंग लावलेला शुक्रजंतू पुढे वापरता येत नाही, फुगलेल्या शेपटीचा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत जिवंत शुक्रजंतूंची खालची मर्यादा २०१० मध्ये ५८ टक्के होती, २०२१ मध्ये ५४. हलणारे ४० टक्क्यांहून कमी दिसले, तर ही तपासणी करायलाच हवी. न हलणारे बहुतेक जिवंत निघाले तर दोष शेपटीच्या रचनेत असू शकतो. मेलेलेच जास्त असतील तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो.

मात्र नमुना तासाभरात, शक्यतो अर्ध्या तासातच पाहावा लागतो, तोही अंगाच्या उबेइतक्या तापमानात. मेळघाटातल्या धारणीहून घाट उतरून परतवाडा, तिथून अमरावती. लाजेपोटी घरीच डबीत घेतलेला नमुना मे महिन्यात पिशवीत घालून एसटीने नेला, तर लॅबवाला जे मोजतो ते उन्हाचं आणि प्रवासाचं माप असतं. नवऱ्याचं नव्हे.