आवाजाला वळसा

डिसेंबरच्या पहाटे नागपुरातल्या अजनी स्टेशनकडचा इंजिनाचा भोंगा आमच्या गच्चीवर स्पष्ट ऐकू येतो. मे महिन्यात भर दुपारी तोच भोंगा जेमतेम कानावर येतो. दुपारचा गोंगाट असतोच, पण हवाही बदललेली असते. 20 अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, नागपुरी 45 अंशांत जवळपास 358. उन्हाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा जास्त तापते. लाटेचा खालचा भाग पुढे धावतो, लाट वर वळते आणि आपल्या डोक्यावरून निघून जाते. थंडीच्या पहाटे बरोबर उलट.

वेग जागोजागी बदलला की ध्वनी वळतो. ध्वनीपासून वस्तू लपवण्याची सारी करामत यावरच उभी आहे.

लपवणं म्हणजे अडवणं नव्हे. भिंतीवरून आवाज परततो आणि ती सापडते. शोषणारी गादी परत काही पाठवत नाही, पण तिच्यामागे आवाजाची सावली पडते. खरं आवरण दोन्ही टाळतं: पलीकडे लाट अशी पोचायला हवी, जणू वाटेत काही नव्हतंच.

हे शक्य आहे, असं 2007 मध्ये स्टीव्हन कमर आणि डेव्हिड शुरिग या संशोधकांनी गणिताने मांडलं. 2014 मध्ये कमर यांच्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने ते करून दाखवलं, आणि मला त्यातला साधेपणा फार आवडतो. बारीक भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे पत्रे रचून केलेला पिरॅमिड, त्याखाली एक गोळा. बस्स. वरून आलेली लाट जमिनीआधी पिरॅमिडला भिडते, म्हणजे एरवी ती लवकर परतली असती. भोकांतून आणि पत्र्यांमधून जाताना ती नेमकी तेवढीच रेंगाळते. मायक्रोफोनला वाटतं, समोर सपाट जमीनच आहे.

पाण्यात मात्र हे प्लॅस्टिक चालत नाही. हवेतल्या ध्वनीसाठी ते दगडासारखं टणक, पाण्यातला ध्वनी त्याच्या आतच शिरतो. म्हणून सोनारपासून, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्रापासून, लपण्यासाठी वेगळं साहित्य शोधावं लागतं.

शिवाय मापाचा प्रश्न आहे. भोकं आणि थरांमधलं अंतर लाटेच्या लांबीपेक्षा बरंच लहान लागतं. 3000 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 3000 कंपनांची, लाट साधारण 11 सेंटिमीटरची. भोंग्यातला खर्ज 300 हर्ट्झचा धरला, तर लाट मीटरभराहून लांब होते. तोच आराखडा वापरायचा तर पिरॅमिड लांबी, रुंदी, उंची तिन्हींत दहापट मोठा करावा लागेल.