सिफच्या बोर्डावर कोण बसणार? एका घटस्फोटापासून सुप्रीम कोर्टापर्यंतची गोष्ट

लंडनची चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन, शॉर्टमध्ये सिफ, हे नाव आपल्याकडे अधूनमधून कानावर येतं, कधी मुलांच्या पोषणावरून, कधी क्लायमेटच्या निधीवरून. हवामान बदलावर काम करणाऱ्या जगातल्या मोठ्या दानसंस्थांपैकी ही एक. तिच्या बोर्डावर कोण आहे, अध्यक्ष कोण, सीईओ कोण, ही माहिती कुठेही मिळते. पण ही माणसं तिथे कशी आली आणि त्यांना तिथे बसवायचा किंवा उठवायचा अधिकार नक्की कोणाच्या हातात, यामागे वीस वर्षांची एक गोष्ट आहे आणि ती कळल्याशिवाय नुसती नावं वाचून काही हाती लागत नाही.

सुरुवात २००२ ची. ख्रिस होन आणि जेमी कूपर हे नवरा-बायको. होन यांचे वडील जमैकातून इंग्लंडला आलेले मोटार मेकॅनिक. मुलगा साउथॅम्प्टनला शिकला, मग हार्वर्डला एमबीए केलं, मग हेज फंडांच्या, म्हणजे श्रीमंतांचा आणि बड्या संस्थांचा पैसा गुंतवणाऱ्या फंडांच्या, दुनियेत शिरला. दोघांनी मिळून गरीब देशांतल्या मुलांसाठी ही संस्था काढली आणि पाठोपाठ होन यांनी स्वतःचा फंड काढला, त्याचंही नाव चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड, म्हणजे टीसीआय. फंडाने कमवायचं आणि फीमधला ठराविक हिस्सा संस्थेकडे जायचा, अशी सुरुवातीच्या वर्षांतली व्यवस्था. तो पैसे कमावणार, ती संस्था चालवणार, अशी सरळ वाटणी होती आणि बरीच वर्षं ती चाललीही. बघता बघता संस्थेकडे ४ अब्ज डॉलरच्या वर मालमत्ता जमा झाली.

इथे होन यांच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. टीसीआयची ख्याती म्हणजे कंपनीत शेअर घ्यायचे आणि मग तिच्या बोर्डाला सळो की पळो करून सोडायचं. २००५ मध्ये जर्मनीच्या डॉइच बोर्सेने लंडनचा शेअरबाजार विकत घ्यायचा घाट घातला, त्याला टीसीआयने विरोध केला आणि शेवटी त्या कंपनीच्या प्रमुखालाच पायउतार व्हावं लागलं. २००७ मध्ये डच बँक एबीएन अॅम्रोला पत्र लिहिलं की बँक विका नाहीतर तोडून विका, आणि ती बँक खरंच विकली गेली. म्हणजे बोर्ड कोणाचं, ते कोणाला उत्तर देतं, खुर्चीवरून माणूस कसा हलवायचा, हे प्रश्न या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि आपल्या देशाशी संबंध आला तो थेट कोळशावरून. २०१० मध्ये कोल इंडियाचा आयपीओ आला, टीसीआयने शेअर घेतले, साधारण एक टक्का. २०१२ मध्ये त्यांनी कंपनीच्या संचालकांविरुद्ध कायदेशीर लढाई सुरू केली, तक्रार अशी की सरकारच्या दबावाखाली कोळसा बाजारभावापेक्षा स्वस्तात विकला जातोय आणि बाकीच्या शेअरहोल्डरांचं नुकसान होतंय. २०१४ मध्ये ते शेअर विकून बाहेर पडले. नंतर याच फंडाने मोठमोठ्या बँकांना पत्रं लिहिली की कोळशाला कर्ज देणं थांबवा. काही लोक याला दुटप्पीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही, माणूस बदलू शकतो आणि बदलावा. पण संस्थेचा पैसा कुठून येतो आणि तो कमावणाऱ्या माणसाचं मत कसं बदलत गेलं, हे माहीत असलेलं बरं, एवढंच.

मग मुलांसाठीची संस्था क्लायमेटमध्ये कशी आली? सोपं आहे, आज जन्मलेलं मूल ज्या उन्हात आणि ज्या हवेत मोठं होणार ते ठरवणारा प्रश्न सोडून नुसत्या जंताच्या गोळ्या वाटून भागणार नाही, हे त्यांना लवकर कळलं. २००८ मध्ये युरोपियन क्लायमेट फाउंडेशन उभी राहिली, तिच्या पहिल्या देणगीदारांत सिफ होती. २०१६ मध्ये एसी-फ्रिजमधल्या घातक गॅसवर किगालीचा करार व्हायच्या थोडं आधी दानसंस्थांच्या एका गटाने मिळून ५ कोटी ३० लाख डॉलर जाहीर केले, की विकसनशील देशांनी गॅस बदलताना मशीनही कमी वीज खाणारी करावी, त्यातही सिफ होती. २०१९ ला क्लीन एअर फंड निघाला, त्यातही होती. केट हॅम्प्टन, ज्या २०१६ पासून सीईओ म्हणून ओळखल्या जातात, त्या मूळच्या क्लायमेटच्याच कामातल्या. मुलांच्या संस्थेच्या प्रमुखपदी क्लायमेटवाली व्यक्ती आली यावरूनच संस्थेचं वळण समजतं.

पण मधल्या काळात घर मोडलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे वासे म्हणजे ४ अब्ज डॉलरची संस्था होती. दोघंही ट्रस्टी, म्हणजे कारभार बघणारे, दोघंही सभासद, म्हणजे संस्थेत मताचा हक्क असलेले, आणि दोघांचं पटेना. घटस्फोटाच्या केसमध्ये २०१४ च्या शेवटी लंडनच्या हायकोर्टाने जेमी कूपर यांना सुमारे ३३ कोटी ७० लाख पौंड देण्याचा निकाल दिला, तेव्हा तो ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या रकमांपैकी एक होता. पेपरांनी तेवढंच चघळलं. मला मात्र त्याच वर्षी झालेला दुसरा समझोता जास्त महत्त्वाचा वाटतो, तो असा की कूपर यांनी सिफच्या ट्रस्टीपदाचा आणि सभासदत्वाचा राजीनामा द्यायचा आणि सिफने त्यांच्या नव्या संस्थेला, बिग विन फिलान्थ्रोपीला, ३६ कोटी डॉलरची ग्रँट द्यायची. साधारण ३००० कोटी रुपये झाले हे.

आता इथे थांबून बघा. तो पैसा नवऱ्याचाही नाही आणि बायकोचाही नाही. एकदा दान केलं की ते धर्मादाय झालं, मुलांचं झालं. मग दोघांच्या भांडणाचा तोडगा म्हणून तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येतो का? येत असेल तर हो म्हणणार कोण? ट्रस्टींनी हा निर्णय स्वतः घेणं अवघड होतं, हितसंबंधांचा गुंता होता, म्हणून त्यांनी तो कोर्टाच्याच हाती सोपवला.

तिथे आणखी एक पेच निघाला. सिफ ही नुसती ट्रस्ट नाही, इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे ती कंपनीही आहे. २००६ च्या कंपनी कायद्याचं कलम २१७ सांगतं की संचालकाला पद सोडण्याबद्दल काही द्यायचं तर सभासदांची मंजुरी लागते. ही ग्रँट त्यात बसते असं कोर्टाने धरलं. आणि सभासद किती? तीन. होन, कूपर आणि तिसरे एक गृहस्थ. पहिले दोघं या व्यवहारात अडकलेले, त्यामुळे त्यांनी मत द्यायचं नाही. म्हणजे ३६ कोटी डॉलरवर मत देणारा माणूस उरला एक. आणि तो एक माणूस हो म्हणेलच याची खात्री नव्हती. त्याची नियत खोटी होती असं नाही, त्याला आपलं मत स्वतःच्या विचाराने द्यायचं होतं.

हे वाचताना मला आमच्या वाचनालयाची आठवण आली. तिथे सचिव बदलले तेव्हा धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यायचा होता, नियमाप्रमाणे ९० दिवसांत, आणि आधीच्या पदाधिकाऱ्यांपैकी एकाने सही द्यायला नकार दिला. वाईट माणूस नव्हता, त्याला निवडच मान्य नव्हती. मी फाईल घेऊन त्याच्या ओट्यावर चार वेळा बसून आलो, चहा दर वेळी मिळाला, सही नाही. संस्थेच्या वहीत सभासद म्हणून नाव असलं की त्या एका सहीला केवढं वजन येतं ते मी तेव्हा बघितलं. आमचा विषय दोन कपाटं पुस्तकांचा होता आणि तिकडे हजारो कोटींचा, पण प्रश्न तोच: ही सही त्या माणसाची खाजगी आहे की संस्थेची?

२०१७ मध्ये हायकोर्टात न्यायाधीशांनी सांगितलं की ग्रँट देणं संस्थेच्या भल्याचंच आहे. दोन संस्थापक एकमेकांसमोर असे उभे राहिलेत तोवर कारभार सुरळीत होणार नाही, आणि पैसा जाणार तोही मुलांच्याच कामाला. म्हणून त्या तिसऱ्या सभासदाने बाजूने मत द्यावं असा हुकूमच काढला. २०१८ मध्ये अपील कोर्टाने तो हुकूम फिरवला, कारण सभासद प्रामाणिकपणे विचार करत असेल तर कोर्टाने त्याचा हात धरून मत द्यायला लावू नये. मग प्रकरण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि २९ जुलै २०२० ला निकाल लागला. हायकोर्टाचा हुकूम पुन्हा कायम झाला. न्यायाधीशांची कारणं एकसारखी नव्हती पण गाभ्याच्या गोष्टीवर दुमत नव्हतं, की अशा संस्थेचा सभासद हा विश्वस्तासारखाच बांधील आहे, त्याचं मत त्याच्या मालकीचं नाही, ते संस्थेच्या उद्देशासाठी वापरायचं आहे. कोर्टानेच एकदा संस्थेचं हित कशात आहे हे ठरवून दिलं, तर त्याविरुद्ध मत देणं म्हणजे ते कर्तव्य मोडणं.

सहा वर्षं गेली यात. या सहा वर्षांत जगाचं तापमान थांबलं नव्हतं, आणि क्लायमेटसाठी जगभरातलं जे दान येतं ते एकूण दानाच्या दोन टक्केही नाही असं क्लायमेटवर्क्स फाउंडेशनचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत. एवढ्या तुटपुंज्या पैशातला एवढा मोठा हिस्सा मोजक्या चार-पाच संस्थांच्या बोर्डांवर ठरतो. म्हणून मला ही केस फक्त वकिलांची वाटत नाही. बांगलादेशातल्या किंवा विदर्भातल्या मुलाला याचा पत्ताही नसेल, पण त्याच्या नावाने ठेवलेला पैसा कोणी कुठे हलवायचा हे तीन सभासदांच्या वहीवर अवलंबून होतं, हे मला अस्वस्थ करतं.

निकालानंतर वाट मोकळी झाली. बिग विन आफ्रिकेतल्या नेत्यांबरोबर मुलं आणि तरुणांवर काम करते. सिफमध्ये होन राहिले आणि क्लायमेटचा जोर वाढलेला दिसतो. फंडाच्या बाजूनेही त्यांनी तोच रेटा लावला, कंपन्यांनी प्रदूषण कमी करायचा प्लॅन दरवर्षी शेअरहोल्डरांपुढे मताला ठेवावा अशी मोहीम काढली आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या विमानतळ चालवणाऱ्या एना कंपनीत ती पहिल्यांदा मंजूर झाली. बोर्डाला जाब विचारण्याचं जे हत्यार आधी नफ्यासाठी वापरलं तेच आता कार्बनसाठी वापरलं जातंय, आणि ते चांगलंच आहे. फक्त, त्याच हत्याराने दानसंस्थेच्या बोर्डाला जाब विचारणारे शेअरहोल्डर तिथे नसतात. तिथे असतात ते मूठभर सभासद, चॅरिटी कमिशन, म्हणजे आपल्या धर्मादाय आयुक्तांसारखं तिकडचं कार्यालय, आणि शेवटी कोर्ट.

सुप्रीम कोर्टाने एक दार मात्र उघडं ठेवलंय. सिफसारख्या तीन सभासदांच्या संस्थेला लावलेला नियम लाखो सभासदांच्या संस्थेला जसाच्या तसा लागेल असं त्यांनी म्हटलेलं नाही, तिथे संस्थेची घटना काय म्हणते ते बघावं लागेल. आमच्या वाचनालयाचे सभासद ४१ आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या आधी घटनेची जुनी प्रत शोधून ठेवायची आहे, ती कपाटात सगळ्यात खालच्या खणात आहे असं म्हणतात.