नमुना पाठवला, पुढे काय झालं?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू सापडला. भारतातली ती पहिली नोंद. त्याच वर्षी इंडोनेशियात हा विषाणू माणसांचे बळी घेत होता. तिथून रुग्णांचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळांकडे जात. फ्लूच्या बाबतीत १९५२ पासून हीच रीत आहे: देशांनी विषाणू द्यायचे, मोठ्या प्रयोगशाळांनी ते तपासून लशीसाठी योग्य वाण निवडायचा.

मग इंडोनेशियाला कळलं, की आपल्याच विषाणूपासून एका ऑस्ट्रेलियन कंपनीने लस तयार केली आहे. साथ आलीच, तर ती लस आपल्याला परवडेल की नाही, मिळेल तरी की नाही, याची खात्री नव्हती. आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने पाठवणंच थांबवलं.

अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. नमुना देणाऱ्याला त्याचा पुढचा प्रवास दिसत नाही. घेणाऱ्याला त्याचं मोलही कळतं आणि वापरही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये यातली मूळ गाठ दाखवली होती: ज्ञान पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही, आणि एकदा पाहिलं की पैसे मोजायची गरज उरत नाही. म्हणून ज्याच्याकडे ज्ञान आहे तो मूठ झाकूनच ठेवतो.

निर्णय धोक्याचा होता, यात शंका नाही. फ्लूचा विषाणू सतत बदलतो; नमुने थांबले की तो कुठे चाललाय हे कुणालाच कळत नाही. तरी इंडोनेशियाला हटवादी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. याच देशाने ऑगस्ट २००६ मध्ये आपल्या विषाणूंचे जनुकीय क्रम सगळ्यांसाठी खुले केले होते. त्याचं भांडण ज्ञान वाटण्याशी नव्हतं, एकतर्फी वाटण्याशी होतं.

तोडगा निघायला २०११ साल उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या चौकटीनुसार साथ पसरवू शकणाऱ्या फ्लूच्या नमुन्याची नोंद ठेवली जाते. तो कुठल्या प्रयोगशाळेतून कुठे गेला, हे पाठवणाऱ्याला पाहता येतं. कंपन्या वार्षिक वर्गणी देतात आणि साथीच्या वेळी लशींचा किंवा औषधांचा काही वाटा द्यायचे करार करतात. म्हणजे पैशाआधी नमुन्याचा प्रवास पाहायची दृष्टी दिली गेली. माझ्या मते खरं काम तिनेच केलं.

पण ही चौकट तेवढ्या फ्लूपुरतीच. मे २०२५ मध्ये याच संघटनेत देशांचा महामारी करार मंजूर झाला, तेव्हा इतर रोगजंतूंचे नमुने आणि त्यातून होणाऱ्या लाभाची वाटणी कशी करायची, हे परिशिष्ट मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडण्यात आलं.