सव्वाशे वर्षांची रायफल, घरी भरलेलं काडतूस आणि रानडुक्कर

स्वीडनमध्ये आजही काही शिकारी हरणं आणि रानडुकरांच्या मागे मॉडेल 96 माऊझर घेऊन जातात, म्हणजे 1896 सालची लष्करी रायफल, आणि तिचं 6.5×55 काडतूस (साधारण साडेसहा मिलीमीटर जाडीची गोळी, 55 मिलीमीटर लांब पितळी पुंगळी) तर त्याहूनही जुनं. बाजारात नवीन मॅग्नम (म्हणजे जास्त दारूच्या, जोरदार काडतुसांच्या) रायफली ढिगाने पडल्यात तरी हे लोक हिलाच का चिकटून आहेत? हौस आहेच, पण त्यात फिजिक्सही आहे. (आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, तेव्हा हे सगळं तिकडचं समजूनच वाचा.)

शिकारीच्या गप्पांत ज्यूलचे आकडे फार फेकले जातात. एनर्जी वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हलकी गोळी जोरात पळवली की कागदावर आकडा झकास दिसतो. पण मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट थर असतो, त्याच्या आत हाडं, आणि हलकी वेगवान गोळी तिथे वरच्यावर फुटली तर जनावर जखमी होऊन पळतं, ते सगळ्यात वाईट. बारीक, लांब, जड गोळी हळू असली तरी आत जात राहते. स्वीडनचा वर्षानुवर्षं चालत आलेला नियम हेच सांगतो: मोठ्या जनावरासाठी 9 ग्रॅमची गोळी असेल तर 100 मीटरवर 2700 ज्यूल हवेत, पण 10 ग्रॅम किंवा जास्त असेल तर 2000 पुरतात. 6.5 ची जुन्या धाटणीची गोळी 10.1 ग्रॅमची. सेकंदाला 740 मीटरने निघाली तर नळीच्या तोंडाशीच साधारण 2770 ज्यूल, 100 मीटरवर त्याहून बरेच कमी, म्हणजे वजनाच्या जोरावर पास.

आता घरी काडतूस कशाला भरायचं, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत दारू आणि नवी गोळी स्वतः कशाला बसवायची? कारण जुन्या माऊझरच्या बोल्टला (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) पुढे दोनच लग (दाब पेलणारे दात) असतात, मागचा तिसरा सेफ्टी लग 1898 च्या मॉडेलमध्ये आला. युरोपियन मानकात या काडतुसाच्या दाबाची मर्यादा 3800 बार आहे (गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतात!), अमेरिकन मानक जुन्या रायफलींचा विचार करून त्याहून खाली ठेवलंय. स्वतः भरणारा माणूस किती दारू घालायची याच्या छापील तक्त्याच्या खालच्या टोकाला राहू शकतो, तीच जड गोळी, कमी दाब, कमी धक्का, आणि मांसही कमी खराब होतं.

या सगळ्यात मला आवडते ती रिकामी पुंगळी. पितळ म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. गोळी सुटली की ती फुगून चेंबरला (नळीतली काडतुसाची जागा) घट्ट बसते, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की किंचित आकसते म्हणून तर बोल्ट उघडतो. पण प्रत्येक वेळी फुगवा, डायमध्ये (मूळ आकारात आणणारा साचा) दाबा, परत फुगवा, असं करत पितळ कडक होतं आणि पुंगळीची मान (गोळी धरणारं तोंड) तडकते, म्हणून मान तापवून मऊ करतात. बूड तापवायचं नाही, ते कडकच हवं. बुडाच्या जरा वर एक चकचकीत रेघ दिसायला लागली तर समजायचं आतून भिंत पातळ झालीय. भरणारे लोक पेपरक्लिपचं टोक वाकवून आत घालतात आणि भिंतीवरून ओढतात, टोक खाचेत अडकलं की पुंगळी भंगारात.

आणि नेहमीच्या गोळीतल्या शिशाचं काय? शिशाची गोळी आत पसरताना बारीक कण सोडते, एक्सरेमध्ये ते जखमेपासून बरेच लांब मांसात दिसतात, त्यामुळे बरेच जण तांब्याच्या गोळीकडे वळलेत. तांबं शिशापेक्षा हलकं (घनता 8.96, शिशाची 11.34), म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळी सरळ ठेवायला जास्त फिरवावी लागते. इथे जुनी माऊझर मस्त कामाला येते, तिच्या नळीत गोळीला फिरवणाऱ्या आट्यांचा एक वेढा 200 मिलीमीटरमध्ये पुरा होतो, म्हणजे 740 च्या वेगाला सेकंदाला 3700 गिरक्या! तेव्हाच्या लांबुळक्या बोथट गोळीसाठी केलेली ही नळी आज तांब्याला फिट बसते. अडचण एकच, तांबं कडक आहे, वेग पडला की ते नीट उमलत नाही, त्यामुळे कमी वेगाचं भरलेलं काडतूस आणि तांब्याची गोळी असेल तर जनावर जवळ येईपर्यंत थांबायचं, लांबून बार टाकायचाच नाही.